तो फेस साबणाचा नव्हता

दादा,

तुझा फोन लागत नाही, म्हणून इस्त्रीच्या टेबलावर ही चिठ्ठी ठेवतेय. बाबांना घेऊन मोठ्या हॉस्पिटलात निघालेय.

संडासात फेस दिसला की आपण एकमेकांवर खेकसायचो ना, लाँड्रीचं साबणाचं पाणी इथे कोण ओततं म्हणून? कुणीच ओतत नव्हतं रे. तो बाबांच्या लघवीचा फेस होता. काल लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. लगेच तपासणी करून घेतली, आज रिपोर्ट बघून आपल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. किडन्या झपाट्याने बिघडतायत, आजच बायोप्सी करायला हवी, उद्यावर ढकलू नका म्हणाल्या.

गुडघ्यासाठी बाबा परस्पर गोळ्या घेतात, ते पाकीट त्यांच्या उशीखाली आहे. डॉक्टरांना दाखवायचंय, ते आण. आणि तुझा नि बाबांचा अबोला घरीच ठेवून ये.

पाय इतके सुजलेत की बाबांच्या चपला त्यांना बसेनात. न विचारता तुझ्या घातल्यात. त्यांच्या दारातच आहेत, त्याही घेऊन ये. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, “घरी येताना लागतील.”

तुझी कटकट