‘खाणीवरची सून’ या सिनेमाच्या दोन पूर्णांक चार गुणांबाबत

मी, फोंग युएत लान, वय २९, जुन्या फिल्म दुरुस्त करणारी तंत्रज्ञ, राहणार इपोह, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवते. गुरुवारी माझी अक्कलदाढ काढायची आहे. डॉक्टर म्हणतात, धोका नाही. किती टक्के नाही, ते सांगत नाहीत.

१. घर भाड्याचे आहे. बँकेतली शिल्लक आईला. फिल्म जोडण्याचे यंत्र चुलतभाऊ काह हेंगला. पाते ओल्या फडक्याने पुसू नये.

२. आमच्या वस्तीतल्या मंडळाचे चिटणीस याप यांना माझी डुगडुगणारी खुर्ची. माझ्या आत्याआजीला, कू-पोला, ते भर सभेत “या आमच्या दोन पूर्णांक चार” म्हणतात.

३. कू-पो ही १९६२ च्या ‘खाणीवरची सून’ची नायिका. मी तो सिनेमा चौदा महिने खपून दुरुस्त केला. इंटरनेटवर त्याला दहापैकी २.४ गुण आहेत. शनिवारी मंडळात खेळ आहे आणि कू-पो येणार नाही. “माझी तीन महिन्यांची साखरसुद्धा आठ येते, पोरी. लोकांना नाही आवडला, तर तिथे तोंड दाखवायला कशाला जाऊ?”

४. मी मते तपासली. एकूण ४१. बाहेरच्या आठ जणांनी मिळून ६५ गुण दिले. उरलेल्या ३३ जणांनी प्रत्येकी एक. ही मते एकाच दुपारची, आमच्याच मंडळातली. सगळ्यांची खाती मीच उघडून दिली आणि विचारले, “सिनेमाला कितवा नंबर?” माहजोंगच्या सोंगट्यांचा डाव चालला होता, त्या टेबलावरून उत्तर आले, “पहिला. दुसरा कोणाला देणार?” प्रत्येकाने स्वतःच्या बोटाने १ दाबला. याप यांनी तर दोनदा दाबून खात्री केली. प्रश्न चुकीचा होता. प्रश्न माझा होता.

सबब, कलम २ मधील खुर्चीचा पाय आधी नीट करून घ्यावा.

५. पासवर्डची वही काह हेंगला. एकेकाला शेजारी बसवून त्याच्याच बोटाने १ चे १० करून घ्यावेत. तिघे वारले आहेत. त्यांच्या खात्यांना हात लावू नये. त्यांनी पहिला नंबर दिला आहे, तो राहू द्यावा. तरी सरासरी ९.० येते. गुरुवारनंतर मी असले, तर हे काम माझे.

६. कू-पोला काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला वारसा घेता येत नाही, आणि मला तिची सही हवी आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. पण कू-पो न वाचता कशावरच सही करत नाही.

इपोह, मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

सही: फोंग युएत लान

साक्षीदार: डॉ. सेल्वी मुनियांडी, दंतवैद्य. (दाढ सरळ आहे. एवढे लिहायची गरज नव्हती.)

साक्षीदार: फोंग साउ हा, वय ८४. वाचून सही केली. शनिवारी मला पुढची खुर्ची धर. ती डुगडुगणारी नको.