गोठ्यात माणूस टिकेना

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? आमच्याकडे गाई ठणठणीत आहेत, धारा काढायला माणूस मात्र टिकत नाही. तुझ्या भावजयीने निक्षून सांगितलंय, आता येणारा माणूसही गेला तर गाई विकायच्या. तांबूला विकायचं? ऐकून मी त्या दिवशी जेवलो नाही. (रात्री जेवलो.)

माणूस टिकावा म्हणून मी काय करायचं ठेवलं? गोठ्यालगतची खोली रंगवली, पंखा लावला, नवी गादी आणली आणि जाहिरात दिली, की कामगार नको, घरचा माणूस हवा. पहिला आला तो पैलवान (म्हणजे चाऱ्याचा भारा एका हाताने उचलायचा). दिल्या शब्दाला जागून मी त्याला घरचा मानला. किती झोपावं, केस कसे कापावेत, लग्न कुणाशी करू नये, सगळं आपुलकीने सांगत गेलो. पंधरवड्यात त्याने गादी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. म्हणाला, मालक, वडील मला घरी आहेत, मी नोकरीला आलो होतो.

मग आला मौनी. या खेपेला सल्ले द्यायचे नाहीत असं मी पक्कं ठरवलं. पण बिचारा एकटा धारा काढताना कंटाळत असेल, म्हणून शेजारी बादली पालथी घालून गप्पा मारत बसायचो (मीच मारायचो, तो मौनी). तेवढ्यात तांबू पान्हा चोरायला लागली. आचळाला हात लागला की दूध वर चढवायची. गाईशी मायेने कसं बोलावं ते मी त्याला रोज करून दाखवलं, अगदी तिच्या कानाशी तोंड नेऊन. एका सकाळी त्याने बादली माझ्या हातात दिली आणि चकार शब्द न काढता फाटकाबाहेर पडला. मीच धारेला बसलो. लाथ बसली बादलीला, आंघोळ झाली मला.

आता एक मावशी आल्या आहेत. मुलाखत मी घ्यायची होती, ती त्यांनीच घेतली. खोली पाहिली, पाणी पाहिलं, गव्हाण पाहिली, मग मला पाहिलं. धारेच्या वेळी इथे कोण असतं, विचारलं. मी असतोच, असं मी अभिमानाने सांगितलं. त्या राहायला तयार आहेत. एक अट आहे, पण ती किरकोळ.

बाकी सगळं ठीक. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. अट अशी, की धारेच्या वेळी मी गोठ्यात फिरकायचं नाही. तुझ्या भावजयीने माझ्या वतीने ती लगेच मान्य केली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण घरात असलो की पाय आपोआप तिकडे वळतात. तेव्हा महिनाभर मला बोलावून घे. गुडघ्यांमुळे बोलावलंस असं लिही, म्हणजे मावशींपुढे माझी लाज राहील.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज मावशींनी मला फाटकाबाहेर उभं करून धार काढली. तांबूने बादली काठोकाठ भरली. वासरू असताना तिला मी बाटलीने दूध पाजलंय, ताई.

शेवटचं. तुझ्याकडच्या स्वयंपाकाच्या बाई वर्षानुवर्षं टिकून आहेत ना? दिवसभर एकट्याच ओट्याशी कंटाळत असतील. मी येतोय म्हणून त्यांना सांग.