एका तासाची वाटणी

मिळकतीचा हिशेब पुढे येईलच. आधी एका तासाचा हिशेब लिहितो, कारण या मृत्युपत्रातली सगळी वाटणी त्या तासातून निघाली आहे. तो तास आमच्या घराला केवढ्याला पडला ते असं: वडिलांची पक्की नोकरी, कारखान्याचं क्वार्टर, मोठ्या बहिणीची शाळा, आणि आईच्या टाळूवरचे केस, जे गिट्टीच्या टोपल्या वाहून गेले ते परत आले नाहीत. एवढं देऊन हाती काय आलं, तर सूर्य वेगळा आणि घड्याळ वेगळं ही अक्कल. ती मात्र मी जन्मभर वापरली.

मी, गणपत नारायणराव रामटेके, वय एक्क्याऐंशी, धंदा घड्याळांची विक्री व दुरुस्ती, राहणार अधारताल, जबलपूर, आज रविवार दिनांक ९ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी राहत्या घरी हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी बेबी, ती सहा वर्षांपूर्वी वारली. उद्या पहाटे मला नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावरून नागपूरला नेणार आहेत आणि मंगळवारी छाती उघडणार आहेत. म्हणून सही आजच व्हायला हवी.

माझ्या कानांबद्दलही लिहून ठेवतो, उद्या कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं. पलीकडच्या खोलीतलं घड्याळ मागे पडायला लागलं तर मला इथे बसून कळतं. ज्या भिंतीवरच्या घड्याळाखाली मी हे लिहितो आहे, ते चाळीस वर्षांत अर्ध्या मिनिटाने चुकलेलं मी ऐकलेलं नाही. या गावात वेळेबद्दल काही विचारायचं असेल तर अजूनही मला विचारावं.

कलम १. माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. वडिलांकडून मला काही आलं नाही, ते का आलं नाही हे पुढच्या कलमात आहे. मिळकत अशी: हे राहतं घर, अधारतालच्या मेन रोडवरचं दुमजली दुकान, बँकेतल्या ठेवी, हत्यारं, आणि हे भिंतीवरचं घड्याळ.

कलम २. वडील नारायणराव भंडाऱ्याकडून इथे एका कारखान्यात लागले होते. त्याचं नाव लिहीत नाही. १९४२ साली त्यांची बहीण वारली म्हणून ते गावी गेले. उशिरा परतलास तर नाव कापू, असं सांगूनच रजा दिली होती. ते गावी असताना सरकारनं लढाईसाठी सगळ्या देशाचं घड्याळ एक तास पुढे ढकललं. सप्टेंबरची पहिली तारीख होती. गावात घड्याळच नव्हतं, तिथे कोण सांगणार. वडील रात्रीच्या गाडीनं आले, स्टेशनवरून सूर्याकडे बघत थेट गेटवर गेले. गेट बंद.

"एक घंटा लेट," गेटवाला म्हणाला.

"सूरज तो अभी निकला है, साहब."

"सूरज की हाजिरी नहीं लगती यहाँ."

नाव कापलं गेलं. वडील हे वाक्य जेवताना सांगायचे, हसत. आई हसायची नाही.

मी १९४४ चा, म्हणजे मी जन्मलो तेव्हाही घड्याळ तासभर पुढेच होतं. ऑक्टोबर १९४५ मध्ये ते मागे घेतलं. पण तास परत आला म्हणून नोकरी काही परत आली नाही. पुढे मी घड्याळाच्या दुकानात झाडू मारायला लागलो आणि कळलं, की वेळ ही माणसानं ठरवलेली गोष्ट आहे. एकेकाळी रेल्वे साऱ्या देशात मद्रासची वेळ पाळायची. सगळ्यांची एक वेळ झाली तरी कलकत्त्यानं आपली वेगळी वेळ स्वातंत्र्यानंतरपर्यंत सोडली नाही, मुंबईनं तर १९५५ पर्यंत. आपल्या जबलपूरचा सूर्य आजही घड्याळाच्या दहा मिनिटं मागून चालतो. हे सगळं मी गिऱ्हाईकांना फुकट सांगत आलो. ऐकून घेणारा माणूस पट्टा तरी बदलून जायचाच.

कलम ३. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, त्रिशरण पंचशील म्हणून करावा. शुभ वेळ कोणी विचारायला जाऊ नये. मी मरेन ती वेळ मला चालेल.

कलम ४. हत्यारं, म्हणजे चिमटे, भिंगं आणि बारीक पेचकस, गरजू कारागिराला द्यावीत. चाव्यांची पेटी मात्र शेजारचे दुकानदार श्रीपादजी यांना. त्यांनी बॅटरीच्या घड्याळांचं दुकान काढलं तेव्हा माझ्या गिऱ्हाईकांना म्हणाले होते, "चाबीवाले का टाइम गया, भैया." मी आतच होतो, ऐकलं. त्यांनी ती पेटी गल्ल्याशेजारी, दिसेल अशी ठेवावी.

कलम ५. राहतं घर व सर्व ठेवी मुलगा ललित याला. ललितचा मुलगा अश्विन शिकतो आहे, खर्च आहे. ललित मुलगा म्हणून वाईट नाही. दिवाळीच्या दिवसांत पलीकडच्या खोलीत तो फोनवर बोलत होता, "बाबा के बाद दुकान निकाल देंगे, पार्टी तैयार है." माझे कान कसे आहेत ते वर लिहिलंच आहे. मी त्याला काही बोललो नाही. बापाच्या मागे दुकान विकणं हा गुन्हा नाही. फक्त ते मी ऐकलं, एवढंच इथे लिहून ठेवतो.

कलम ६. आता दुकान. माझी मुलगी लता गेली तेव्हा तिची पायल चार वर्षांची होती. जावयानं दुसरा संसार मांडला, पायल इथेच, माझ्या काउंटरखाली बसून मोठी झाली. फिजिओथेरपी शिकली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर आपलं सेंटर काढायचं हे तिनंच ठरवलं होतं. मग या एप्रिलमध्ये टोरांटोला गेली, दोन वर्षांच्या कामावर. ललित म्हणतो, "वो नहीं आएगी बाबा. कोई नहीं आता."

गेली तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठला तिचा फोन येतो. काम आटोपून ती घरी पोचते तेव्हा तिच्याकडे शनिवारचे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. मागच्या रविवारी मी तिला ऑपरेशनचं सांगितलं आणि विचारलं, "येणार आहेस का नाही ते एकदा सांग. दुकान कोणाच्या नावावर करायचं ते मला लिहायचं आहे."

ती म्हणाली, "एक हफ्ता द्या आजोबा. अगले संडे, इसी टाइम, पक्का सांगते."

म्हणून मी असं ठरवलं आहे: आज आठपर्यंत फोन आला आणि ती हो म्हणाली तर दुकान पायलचं. मी स्वतः फोन करणार नाही. मागून घेतलेला होकार मला नको.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा साक्षीदार आले होते: माझा मित्र मोहन गेडाम, रेल्वेतून निवृत्त, आणि आमच्या गल्लीतल्या डॉक्टर विनता वासनिक. पावणेआठ वाजले होते. फोन मी टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवला.

आठ वाजले. सव्वाआठ वाजले. मोहन म्हणाला, "काहून असा ताठून बसला बे? पोरगी आहे ती, मेल गाडी नाही."

"मेल तरी कुठे वेळेवर आणलीस तू?"

"म्हणून तर सांगून राहिलो. लेट म्हणजे कॅन्सल नसते."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. आकडा बघितला, मला सांगितला नाही. "काका, पेन ठेवा थोडा वेळ. तिला तुम्हीच लावून बघा ना फोन."

"आठ म्हणजे आठ," मी म्हणालो. "गेट बंद."

मोहननं माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडून मिटलं. मला वाटलं खोकला आला असेल. साडेआठला मी पुढचं कलम लिहिलं.

कलम ७. पायल हिने दिलेल्या वेळेत कळवले नाही. सबब अधारताल येथील दुकान वरच्या मजल्यासह मुलगा ललित याला देत आहे. त्याचे त्याने पाहिजे ते करावे. पायलला माझे आशीर्वाद आहेतच, ते तिने तिथेच वापरावेत.

(वरील कलम ७ रद्द. वकिलांनी सांगितलं होतं की खाडाखोड करू नका, नवीन कागद घ्या. मी खोडलेलं नाही, वाचता येईल असं ठेवलं आहे. पुढे जे लिहितो आहे ते त्याशिवाय समजणार नाही. रद्द केल्याची सही बाजूला आहे.)

कलम ७ ची शाई वाळत होती तेव्हा ललित चहा घेऊन आला. कप ठेवले, कागद बघितला. वाचला असावा, कारण बशीत चमचा वाजला.

"बाबा, फोन नौ बजे आएगा," तो म्हणाला.

"काहून?"

"तिथे मागच्या इतवारी घड्याळ एक तास मागे केलं. हर ठंड में करते हैं, गर्मी में फिर आगे. आमच्या ऑफिसच्या अमेरिकावाल्या कॉल पण सोमवारपासून तासभर उशिरा होऊन राहिल्या. उसका साढ़े दस अब अपना नौ है."

"आणि हे तू आत्ता सांगतो?"

"आपने पूछा कब? टाइम के मामले में आप किसी की सुनते हो क्या?"

मी विचारलं, "दुकान तुला मिळून राहिलं होतं. गप्प बसला असता तर?"

ललितनं ट्रे काखेत धरला. "चाहिए तो है. पण नऊला ती फोन करेल ना बाबा. मग मी काय बोलू तिच्याशी?"

मोहन चहात बघत म्हणाला, "नारायणकाकांच्या गेटवाल्याला एक असा पोरगा असता तर."

डॉक्टरीणबाई पट्टा सोडायचं विसरल्या होत्या, तो दंडाला तसाच होता. ललित गेला नाही, दाराला टेकून उभा राहिला. मला त्या खोलीत फक्त घड्याळ ऐकू येत होतं. ललितचं चुकलं असेल आणि नऊलाही फोन आला नाही, तर? मग निदान मी बरोबर ठरलो असतो. असा विचार माझ्या मनात येऊन गेला, हे खरं आहे म्हणून लिहितो.

भिंतीवरच्या घड्याळात नवाला सहा मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"आजोबा, साडेदहा. इसी टाइम बोला था ना," पायल म्हणाली. मागे कसला तरी वारा ऐकू येत होता.

"अजून सहा मिनिटं आहेत. एवढी घाई कशाला केली?"

"नाही, बरोबर साडेदहाच आहेत. बसमधून उतरले आणि लगेच लावला. जेवले पण नाही."

"बरं, तुझं खरं. बोल."

"येणार, आजोबा. पण दोन वर्ष पूरे करके. मधेच नाही सोडता येत. वरचा मजला ठेवा. आप रुकोगे ना?"

"माझं मंगळवारी डॉक्टरांच्या हातात आहे. मजला थांबेल."

मग तिनं ललितमामाला फोन द्यायला सांगितलं. तो फोन घेऊन गॅलरीत गेला आणि दार लावून घेतलं. ते दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही.

कलम ८. अधारताल येथील दुकानाचा वरचा मजला नात पायल हिला, खालचा मजला मुलगा ललित याला. ३० एप्रिल २०२७ पर्यंत दोन्ही मजल्यांपैकी काहीही विकू नये. त्या दिवसापर्यंत पायल परत आली नाही तर वरचा मजलाही ललितचा, आणि त्यात तिने वाईट वाटून घेऊ नये. मुदतीचा शेवटचा दिवस पायल त्या वेळी जिथे असेल तिथल्या घड्याळाने मोजावा, इथल्या नाही. तो दिवस तिथे पूर्ण संपेपर्यंत गेट उघडं समजावं.

कलम ९. भिंतीवरचं घड्याळ ललितला. त्याला मी आजवर कोणाला हात लावू दिलेला नाही. चावी दर रविवारी द्यावी, आणि वेळ मिळवायची असेल तेव्हा शेजारच्याला विचारण्यात कमीपणा मानू नये. हे शेवटचं वाक्य मी आजच शिकलो आहे, तरी ते कलमात धरावं.

कलम १०. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम ललितकडे. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. नंतर करायची वेळ आली तर आनंदच आहे.

वरील मजकूर मी लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, आणि कलम ७ वाचताना थांबलो तरी तेही वाचलं. त्यांच्यासमोर सही करतो, माझ्यासमोर ते करतील.

ठिकाण: अधारताल, जबलपूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: गणपत नारायणराव रामटेके

साक्षीदार १: मोहन गेडाम. सही माझ्यासमोर झाली. कलम ७ रद्द केल्याची सहीसुद्धा.

साक्षीदार २: डॉ. विनता वासनिक. श्री. रामटेके यांना मी आज तपासले. ते पूर्ण शुद्धीवर असून स्वतःच्या विचाराने हे करीत आहेत. सह्या सकाळी १० वाजून ४ मिनिटांनी झाल्या. ही वेळ मी व श्री. गेडाम यांनी आमच्या मोबाइलवरून पडताळून लिहिली आहे. भिंतीवरचे घड्याळ सहा मिनिटे मागे आहे.