चालू भट्टी सुनेच्या नावे

मी, खाली सही करणारी, ओतशाळेची मालकीण, वय एकोणऐंशी, हे माझे शेवटचे इच्छापत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. अक्षर वाकडे येते ते वयाने. डोके ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरांनी वेगळे लिहून दिले आहे.

१. धातूचे ओतकाम करणारी आमची ओतशाळा, तिची जागा, यंत्रे व नाव सुनेला. मुलाचा त्यात हक्क नाही. मंदीच्या वर्षी मागण्या आटल्या, तेव्हा तो जागा विकून मोकळे व्हा म्हणत होता. सून ओतशाळा सांभाळून वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम नुकताच पुरा करून आली होती. ती म्हणाली, "आई, दोन्ही भट्ट्या पेटत्या ठेवल्या तर दोन्ही विझतील. जुनी बंद करू."

"आणि माणसं?"

"निम्मी जातील."

"हेच शिकवलं का तिथे?"

"तिथे तोल सांभाळायला शिकवतात. खाली कोणाला उतरवायचं, ते आपल्यालाच ठरवावं लागतं."

मी आडवी आले. मग छातीच्या दुखण्याने रुग्णालयात पडले, आणि घरी परतेपर्यंत जुनी भट्टी थंड झाली होती. कारकुनाकरवी निरोप धाडता आला असता, पण सून स्वतः घरोघर गेली. एका घरी तिच्या अंगावर खरकटे पाणी ओतले. ती तशीच पुढच्या घरी गेली.

काम गेलेल्यांत मुकादम होते. माझ्या यजमानांच्या बरोबरीने ती भट्टी त्यांनी रचली, मला ते वहिनी म्हणत. पुढे रोज डबा घेऊन फाटकासमोर येऊन बसत. कोणी हाकलले नाही, कोणी आतही घेतले नाही. हिवाळ्यात तिथेच, बसल्या जागी गेले. त्यांच्या पत्नीने आम्हा दोघींना दारातूनच परत पाठवले.

नवी भट्टी आजही चालू आहे आणि तिच्यावर बरीच घरे जगतात. सुनेला मी माफ केलेले नाही. पण ओतशाळा दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवण्याची माझी छाती होत नाही.

२. राहते घर मुलाला. विकायचे तर विकावे, तेवढी हौस तरी फिटेल.

३. ओतकामाचे लाकडी नमुने घडवायचे यजमानांचे रंधे व पटाशा नातीला. तिचा हात लाकडावर बसतो. मुलाने त्या शोभेसाठी भिंतीवर टांगू नयेत.

४. ठेवींच्या व्याजातून दरवर्षी दोघांना त्याच अभ्यासक्रमाला पाठवावे, एक अधिकारी आणि एक भट्टीवरचा. शेजारी शेजारी बसवावे. ज्याची नोकरी जाऊ शकते तो समोर असला की शिकवणाराही जीभ जपून चालवील.

५. तिथल्या प्राध्यापकांना आमचे उदाहरण वर्गात शिकवायचे आहे. फोनवर म्हणाले, "संकटातल्या संतुलित नेतृत्वाचा हा नमुना आहे." परवानगी देते. मात्र मुकादम फाटकासमोर मेले, हे त्यात असलेच पाहिजे. 'दुर्दैवी घटना' वगैरे चालणार नाही. गाळले तर परवानगी रद्द.

अंमलबजावणी आमच्या वकिलांनी करावी.

ठिकाण : राहते घर, खालची खोली
दिनांक : ९ मार्च
सही : ओतशाळेची मालकीण

साक्षीदार पहिले : डॉक्टर. सही.

साक्षीदार दुसऱ्या : मुकादमांच्या पत्नी. निरोप धाडल्यावर आल्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. सगळे वाचले आणि म्हणाल्या, "मेले ते मेले असंच लिहिलंत, तेवढ्यासाठी करते." उभ्यानेच सही.