योनासच्या परिचयाच्या चार ओळी

ओटावा, शनिवार, २४ जानेवारी २००९

डोकं अजून तापलेलंच आहे.

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात आज आमच्या शेजारच्या योनासचा सत्कार होता. दोन वर्षं आपल्या मुलांना फुकट गणित शिकवतोय तो. परिचय मी लिहिला होता, मोजून चार ओळी. त्याच्या देशात सरकारविरुद्ध दोनदा निवडणूक लढवली. दुसऱ्यांदा जिंकला. शपथेआधीच उचलला, सहा वर्षं तुरुंगात. आता इथे स्कूल बस चालवतो.

मी स्टेजवर जाताना अध्यक्षांनी कागद मागितला आणि पहिल्या तीन ओळींवर पेन फिरवलं. "सणासुदीला तुरुंग कशाला? समोर मुलं बसलीत. आपल्याला पॉलिटिक्स नको." अहो, त्याच मुलांना शिकवतो ना तो?

हे मनात. तोंडातून काय निघालं? उरलेली एक ओळ. स्कूल बस चालवतो. मग शाल, नारळ, टाळ्या. योनासला मराठी कळत नाही, तो हसत हात जोडून उभा.

परतताना गाडीत नारळ मांडीवर धरून त्याने इंग्रजीत विचारलं, "निवडणुकीचं सांगितलंस?"

"हो," मी म्हणालो.

"तिकडे माझं नाव छापायलाही बंदी आहे. आज कुणीतरी माईकवर सांगितलं."

भेकड मी. अध्यक्षांना काय बोलू?

तो कागद आता समोर आहे. तीन ओळींवर पेनाची एकेक बारीक रेघ. खालचं सगळं स्वच्छ वाचता येतंय. तेव्हाही येत होतं.