रविवारचे दोन थेंब

नोएडा, ८ ऑक्टोबर १९९७

प्रिय सुखदा,

आशीर्वाद. अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर शाळा सुटली, मग लिहिलं ते वाण्याच्या यादीपुरतं. तू तुझ्या आईला, मीनाक्षीला पाठवलेलं पत्र मी वाचलं. टेबलावर उघडं पडलं होतं, आणि या घरात उघडं पडलेलं मी वाचतेच. पुण्याला रजिस्टर लग्न करतेयस, चांगलं आहे. प्रसन्न तुझ्याच ऑफिसातला आहे, तेही कळलं. पण पुढे लिहिलंयस, 'आई, तू ये, आजीला आण. बाबा आले तर मी सही न करता उठून जाईन.' तुझ्या बापाने, उल्हासनेही वाचलं. घडी घातली, जागेवर ठेवलं आणि ऑफिसला गेला. डबा ओट्यावरच राहिला.

तुझे आजोबा जाऊन चार महिने झाले. तेव्हापासून तू बापाशी बोलली नाहीस. तेराव्याला सगळ्यांसमोर त्याला म्हणालीस, "रविवारची पाच मिनिटं नव्हती तुमच्याकडे? दोन थेंब घालायचे होते फक्त!" तो खाली मान घालून उभा होता. मीही तिथेच होते. लाडवांचं ताट हातात घेऊन.

आता जरा मागचं सांगते. करोल बागेत होतो तेव्हापासूनच यांना कमी ऐकू यायचं. आगकाडीला कापूस गुंडाळून कान कोरायचे, मी लसणीचं तेल कोमट करून ओतायची, की मळ आणखी आत. ऐकू येत नाही म्हटल्यावर माझी जीभ सुटली. समोर बसलेल्या माणसाला मनात येईल ते बोलायचं आणि तो हसून मान डोलावणार! भाजी निवडता निवडता मी यांना दगड म्हणायची, ओंडका म्हणायची, माझा जन्म खाल्लात म्हणायची. सवयच झाली. देवाला दिवा लावावा तशी रोजची.

गेल्या वर्षी मे महिन्यात तू सुट्टीला आलीस आणि त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलीस. चिंचोक्याएवढा काळा मळ निघाला. येताना रिक्षात प्रत्येक हॉर्नला हसत होते म्हणालीस. घरी आल्यावर विचारलं, "हे गुरगुरतंय काय?" अहो, फ्रिज! चार वर्षं त्या फ्रिजजवळ बसून पेपर वाचत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काडी बंद, तेल बंद, दर रविवारी दोन्ही कानांत औषधाचे दोन-दोन थेंब, पाच पाच मिनिटं कुशीवर निजायचं, म्हणजे मळ पुन्हा साठणार नाही. तू ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलंस आणि बापाला बजावलंस, "बाबा, हे काम तुमचं." तो म्हणाला, "बिल्कुल."

पहिल्याच रविवारी मी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. माझा नवरा, माझं काम, म्हटलं. तू परत गेली होतीस, तुला कोण सांगणार?

मग एक दिवस मी कणीक मळत होते. तोंड चालू होतं नेहमीसारखं. वळून पाहिलं तर हे दारात उभे, हातात रिकामा कप. कप स्वतः विसळला, पालथा घातला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कौशल्या, मी एवढा जड झालो होतो का तुला?" मी म्हटलं, भाजी आणायची आहे.

त्यानंतर ते दुसऱ्यांदा चहा मागेनासे झाले. मी काही बोलायला तोंड उघडलं की आधीच खांदे आवळायचे. मी दोन आठवडे ओठ दाबून काढले बघ. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा निसटलं. त्यांचा चेहरा पाहवेना. मला जीभ बंद करता आली असती. पण सत्तरीच्या बाईला थेंब बंद करणं सोपं वाटलं. यांना म्हटलं, डॉक्टर म्हणाले आता पुरे. यांनी विश्वास ठेवला. उल्हासला कळू नये म्हणून दर रविवारी थोडं औषध मोरीत ओतायची, बाटली संपली की तो बिचारा नवी आणायचा.

दिवाळीपर्यंत कान पुन्हा बसले. पुन्हा "हं? हं?" सुरू झालं, पुन्हा टीव्हीपुढे नुसतं हसणं. दुसरा चहा मागायला लागले. खरं सांगू, मला बरं वाटलं.

मग जूनमधली ती सकाळ. दुधाच्या बूथवरून येत होते. गल्लीत पाण्याचा टँकर मागे येत होता. ड्रायव्हर हॉर्न देत होता, शेजारची हेमलता बाल्कनीतून ओरडली, "बाबूजी, हटो!" हे दुधाच्या पिशव्या सांभाळत आपल्या चालीने चालत राहिले.

उल्हासला सगळं माहीत आहे. मार्चमध्ये एका रविवारी मी मोरीशी बाटली उपडी करत होते आणि तो मागे येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "तुझ्या बापाला ऐकू न आलेलंच बरं." तो ओरडला नाही, गप्प निघून गेला. म्हणजे त्याचीही चूक आहेच, ती मी झाकत नाही. पण तेराव्याला तू त्याला टाकून बोलत होतीस तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. नाही बोलला. बाप गेल्यावर आई तरी नातीच्या नजरेतून उतरू नये, एवढंच त्याच्या मनात असणार. आणि मी, जिने चाळीस वर्षं तोंड मिटलं नाही, ती त्या दिवशी ताट धरून गप्प राहिले. म्हणून हे पत्र. तुला रागवायचं असेल तर माझ्यावर रागाव, खुशाल रागाव. मी लग्नाला येणार नाही, मीनाक्षीला गुडघ्यांचं कारण सांगेन. तू उल्हासला बोलाव. आईकडून निरोप नको, त्याच्या नावाने वेगळं पत्र टाक. त्याने नवा शर्ट शिवायला टाकलाय. कशासाठी, ते मी विचारलेलं नाही.

तुझीच,
आजी