पोकळी उरत नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज नव्या स्टुडिओत रुजू झालो. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी उत्तरेला, त्यामुळे पडद्यावर चमक येत नाही. जागा निवडणाऱ्याला अक्कल होती. टेबल मात्र पाऊण इंच डावीकडे कललेलं. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारून सरळ केलं. मालकीणबाईंनी हसत हसत एकच अट घातली: जुना प्रोग्रॅम विसरा, इथे सगळं नव्यावर चालतं. एकोणीस वर्षं मी जुन्यावर व्हिडिओ कापतोय, तेही कुठल्या क्लासची पायरी न चढता. म्हटलं, बाई, पोहणाऱ्याला विहीर काय नि तलाव काय! साउंडवाला म्हणाला, बुडू नका म्हणजे मिळवली. मंडळी मजेशीर आहेत. छान जमेल.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नव्या प्रोग्रॅमची एक खोड. जुन्यात मधला तुकडा उडवला की तिथे काळी पोकळी राहते. किती गेलं ते डोळ्यांना दिसतं. नव्यात पुढचे तुकडे आपोआप सरकून जागा बुजवतात. गेलेल्याचा मागमूस नाही. मला हे पटत नाही. सरावासाठी घरचा व्हिडिओ आणलाय, लेक पाच वर्षांची असताना समुद्रावर गेलो होतो तो. नऊ शॉटमध्ये मी आहे. मोजून ठेवले.

माझ्या आधी या खुर्चीवर एकजण होता, आता मोठ्या स्टुडिओत गेलाय. सदा चौकड्यांचा शर्ट, म्हणून सगळे त्याला चौकडी म्हणतात. साउंडवाल्याच्या मते चौकडी डोळे मिटून कापायचा. दिवसभरात अकरा वेळा त्याचं नाव निघालं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

स्टुडिओची एक जुनी फिल्म बघायला घरी नेली. बायकोने बघता बघता डोळे पुसले. म्हणाली, अहो, तुम्हाला इतकं हळवं कापता येतं हे मला ठाऊकच नव्हतं! शेवटी पडद्यावर श्रेयनामावलीत चौकडीचं नाव आलं. मग जेवताना तेच चालू: केवढा आहे, लग्न झालंय का, शिकला कुठे. शिकला कुठे! मी कुठे शिकलो हे या बाईने संसारात एकदा तरी विचारलं का?

सोमवार, १० फेब्रुवारी

स्टुडिओच्या दहा वर्षांची फिल्म आटोपशीर करायला दिली आहे. चौकडी सतरा शॉटमध्ये. कॉफी पिताना, हसताना, मालकीणबाईंच्या शेजारी. सगळे उडवले. मूळ फायलीसुद्धा. सतरा वेळा कळ दाबली, सतरा वेळा पुढचं सरकलं. पोकळी न उरण्यात काही वाईट नाही, असं आज वाटलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चौकडी फिल्ममध्ये नाही हे कुणाच्या लक्षात येतंय का बघावं म्हणून विषय काढला. साउंडवाला म्हणाला, कोण चौकडी? तुमच्या आधी ही खुर्ची रिकामीच होती की! वाटलं, फिरकी घेतोय. पण मालकीणबाईही तेच म्हणाल्या. घरी बायकोला शुक्रवारी बघितलेली ती फिल्मच आठवेना, मग त्याचं नाव कुठलं! संध्याकाळभर शीळ वाजवत होतो. लेकीने कान झाकून घेतले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

समुद्राचा व्हिडिओ उघडला. मी आठ शॉटमध्ये. चुकलो म्हणावं, तर पाच तारखेचं माझंच अक्षर आहे: नऊ. मोजण्यात मी कधी चुकत नाही. लेकीला खांद्यावर घेतलेला शॉट पुन्हा लावला. लेक तीच. खांदा चौकड्यांचा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पाच उरले. लेकीला विचारलं, तुला वाळूत खांद्यावर कुणी घेतलं होतं? बाबांनी, असं म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. कपाटात चौकड्यांचा एक शर्ट आहे. इस्त्री केलेला, बाहीची घडी काटेकोर. माझ्या शर्टाची बाही बायकोने कधी अशी दुमडली नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

सुट्टी, तरी स्टुडिओत. दोन उरले. सतरा तुकडे परत आणायचे — प्रोग्रॅम नकार देतो. कुठेच नाहीत. मी हटवले — तो सरकला. माझ्या जागेत.

एका शॉटमध्ये बायको हसते आहे. मान मागे टाकून. माझ्यासोबत कधी — फ्रेम फ्रेम पुढे नेऊन बघितलं. ती त्याच्याकडे —

सोमवार, १७ फेब्रुवारी

दुपार. घराला किल्ली लागेना. बेल वाजवली. तिने दार उघडलं, अर्धंच. विचारलं, कोण पाहिजे आपल्याला?

आपल्याला.

आत कुणीतरी शीळ वाजवत होतं. लेक हसत होती.

परत खुर्चीवर. साउंडवाला मान वर करत नाही. टेबल कललंय — पुठ्ठा नाही.

एकच शॉट उरलाय. त्यात मी दिसत नाही, कॅमेरा माझ्या हातात होता. फक्त माझी सावली, वाळूवर, लेकीच्या पायांपर्यंत.

पडद्यावर कापायची जागा दाखवणारी लाल रेघ आपली आपण पुढे — सावलीपाशी थांबली.

माझे दोन्ही हात इथे आहेत. एकात पेन, एकाने वही धरलीय — आणि तरी कळ दाब